जमिनीवरच्या लेसरने टेहळणी उपग्रह आंधळा करता येतो का?

1 मार्च 2018 रोजी रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी नव्या शस्त्रांची जी जंत्री जाहीर केली, तिच्यात ट्रकवर चढवलेला एक लेसरही होता. लोकांकडून नावं मागवून त्याचं 'पेरेस्व्येत' असं बारसं झालं. मे 2022 मध्ये उपपंतप्रधान युरी बोरिसोव यांनी सांगितलं, की हा लेसर 1500 किलोमीटर उंचीवरच्या टेहळणी उपग्रहांनाही आंधळं करतो. त्याच वर्षी कॉकेशसमधल्या झेलेंचुक्स्काया गावाजवळ 'कलिना' नावाची, याच कामासाठी बांधली जाणारी दुसरी यंत्रणा चर्चेत आली. चीनबद्दल अमेरिकी लष्करी गुप्तचर संस्थेने 2019 मध्येच असा अंदाज वर्तवला होता, की 2020 पर्यंत त्याच्याकडे खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या कॅमेऱ्यांविरुद्ध वापरता येईल असा लेसर असेल.

हे दावे वाचून बहुतेकांना पडणारा प्रश्न असतो तो लेसरच्या ताकदीचा: इतक्या लांब पोचेल एवढा जोर असतो का त्यात? जोराचा प्रश्न खरं तर सोपा आहे. अवघड प्रश्न वेगळा आहे आणि तो भूमितीचा आहे.

डोळे दिपणं वेगळं, डोळे जाणं वेगळं

'आंधळं करणं' या एका शब्दाखाली बातम्यांमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली म्हणजे दिपवणं. अंधाऱ्या रस्त्यावर समोरच्या गाडीने मोठा दिवा मारला, की क्षणभर काही दिसत नाही. गाडी गेली की पुन्हा दिसतं. उपग्रहाच्या कॅमेऱ्याचंही तसंच. लेसर थांबला की कॅमेरा जसाच्या तसा. दुसरी म्हणजे कायमची इजा. भिंगाने सूर्य एका बिंदूवर आणून कागद जाळावा, तसा कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, काही ठिकाणी जाळायचा. तिसरी म्हणजे खुद्द उपग्रहाचं शरीर तापवून निकामी करणं: सौर पट्ट्या, बॅटऱ्या, इंधनाची टाकी.

या तिन्हींना लागणाऱ्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

500 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह धरू. लेसर 1 किलोवॅटचा आहे आणि तिथे पोचेपर्यंत त्याचा झोत 5 मीटर व्यासाचा झाला आहे, असं समजू. तेवढ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 20 चौरस मीटर. म्हणजे हवेत काहीच वाया गेलं नाही तरी उपग्रहाच्या अंगावर दर चौरस मीटरला 50 वॅट पडले. त्याच उपग्रहावर सूर्य दर चौरस मीटरला 1361 वॅट ओततो, तोही वर्षानुवर्षं. लेसरचा वाटा त्याच्या चार टक्केही नाही. शरीर भाजायचं तर मेगावॅटची भाषा करावी लागते.

कॅमेऱ्याचं गणित मात्र उलटं फिरतं, कारण कॅमेऱ्याच्या पुढे दुर्बीण असते आणि दुर्बीण हे भिंगच आहे.

दहा वॅट पुरतात

लेसर फक्त 10 वॅटचा घेऊ आणि झोत मुद्दाम सैल सोडू, इतका की उपग्रहापाशी तो 50 मीटर व्यासाचा व्हावा. असा झोत नेमका रोखायला फार कसब लागत नाही. हवेत निम्मा प्रकाश गेला असं धरलं, तर उपग्रहापाशी दर चौरस मीटरला अडीच मिलिवॅट उरतात. दुर्बिणीचा आरसा 1 मीटरचा असेल तर त्यातले 2 मिलिवॅट आत शिरतात.

आता तुलना कशाशी करायची? तोच कॅमेरा उन्हातल्या जमिनीकडे पाहतो तेव्हा एका पिक्सेलच्या वाट्याला जमिनीचा जो अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा तुकडा येतो, त्याच्याकडून त्याला मिळणारा प्रकाश साधारण 30 पिकोवॅट असतो. पिकोवॅट म्हणजे वॅटचा एक लाख कोटीवा भाग. लेसर जमिनीवरच्या एका बिंदूतून येतो, म्हणून दुर्बीण त्याचा प्रकाशही मोजक्या पिक्सेलवरच गोळा करते. त्या पिक्सेलना रोजच्यापेक्षा काही कोटी पट जास्त उजेड मिळतो. भरदिवसाच्या उन्हाला सरावलेला सेन्सर तिथे पार वाहून जातो.

एवढ्याशा लेसरने काय होतं याचा गमतीदार पुरावा मार्च 2012 मध्ये मिळाला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या हौशी खगोलप्रेमींनी 1 वॅटचा निळा लेसर आणि काही सर्चलाइट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे रोखले. वरून अंतराळवीर डॉन पेटिट यांना ते दिसले आणि त्यांनी फोटोही काढला.

आणि गंभीर पुरावा 1997 चा. 17 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेने न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स तळावरून आपल्याच एका जुन्या उपग्रहावर, एमएसटीआय-3 वर, लेसर सोडला. त्यासाठी 'मिरॅकल' नावाचा मेगावॅट वर्गातला रासायनिक लेसर सज्ज केला होता. तो चाचणीत बिघडला. पण नेम जुळवण्यासाठी ठेवलेल्या, अवघ्या 30 वॅटच्या धाकट्या लेसरनेच उपग्रहाचा अवरक्त कॅमेरा दिपला, हे नंतर बाहेर आलं. मोठ्या तोफेने दगा दिला आणि टॉर्चने काम केलं.

मग सेन्सर जळत का नाही?

काही कोटी पट उजेड पडूनही सेन्सर शाबूत राहतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण 2 मिलिवॅट म्हणजे 2 मिलिवॅटच. 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एका ठिपक्यावर ते पडले तरी सिलिकॉन उष्णता इतक्या झपाट्याने आजूबाजूला वाटून टाकतं, की ठिपक्याचं तापमान एक अंशानेही वाढत नाही. सिलिकॉन वितळतं 1414 अंशाला. तिथवर जायला या हिशोबात साधारण दोन हजार पट जास्त प्रकाश लागतो.

दोन हजार पट म्हटल्यावर वाटतं की 20 किलोवॅटचा लेसर हवा. तसं नाही. झोत 50 मीटरऐवजी 5 मीटरचा केला की शंभर पट तिथेच मिळतात. उरलेल्या वीस पटीसाठी 10 वॅटचे 200 वॅट केले की कागदावर काम झालं. त्यात सलग झोताऐवजी नॅनोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या, स्पंदांचा लेसर असेल तर उष्णता पसरायला वेळच मिळत नाही आणि इजा आणखी सोपी होते. म्हणून या क्षेत्रातले लोक लेसरच्या वॅटपेक्षा त्याच्या आरशाची आणि रोखण्याच्या यंत्रणेची चौकशी आधी करतात.

500 किलोमीटरवर नेम

झोत अरुंद करणं ही सगळ्या खटाटोपातली खरी मेहनत आहे आणि त्यात आडव्या येणाऱ्या गोष्टी एकामागून एक उभ्या राहतात.

लेसर कितीही सरळ असला तरी प्रकाश पसरतोच. 1 मीटरच्या आरशातून 1 मायक्रॉन तरंगलांबीचा झोत सोडला, तर निर्वात पोकळीतही 500 किलोमीटरवर तो सव्वा मीटरच्या आसपास होतो. यापेक्षा लहान हवा असेल तर आरसा मोठा करा, नाहीतर तरंगलांबी कमी करा.

वर हवा. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर पलीकडचं चित्र थरथरतं, तीच थरथर वरच्या हवेतही असते. चांदण्या लुकलुकतात त्या तिच्यामुळे. उंच डोंगरावरच्या चांगल्या वेधशाळेतही ही थरथर झोताला सुमारे एक आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाच्या 3600 व्या भागाइतकी, फाकवते. उपग्रहापाशी ते झाले अडीच मीटर. दिवसा, जमीन तापलेली असताना, हा आकडा कितीतरी वाढतो. यावर तोड आहे ती खगोलशास्त्रज्ञांनी वापरात आणलेली: आकार बदलणारा आरसा. वरून येणारा प्रकाश हवेने कसा वेडावाकडा केला हे सेकंदाला शेकडो वेळा मोजायचं आणि आरशामागचे छोटे दट्टे हलवून आरसाच उलट दिशेने तितका वाकवायचा. जाणारा झोत मग हवेतून जाता जाता सरळ होतो.

त्यात उपग्रह पळतो सेकंदाला 7.6 किलोमीटर. डोक्यावरून जाताना दुर्बिणीला सेकंदाला जवळपास एक अंश या वेगाने फिरावं लागतं, तेही गुळगुळीत, धक्का न देता. नेहमीच्या बैठकीवर बसवलेल्या दुर्बिणीचा घात तर नेमका डोक्यावरच होतो: उपग्रह शिरोबिंदूतून जाताना तिला क्षणात आडवं अर्धवर्तुळ फिरावं लागतं आणि तो क्षण हातचा जातो.

नेम धरायचा तोही उपग्रहावर नाही. जो उपग्रह तुम्हाला दिसतो तो 1.7 मिलिसेकंदांपूर्वीचा असतो, कारण त्याच्याकडून प्रकाश यायला तेवढा वेळ लागतो. तुमच्या लेसरला वर जायला आणखी 1.7 मिलिसेकंद. एवढ्यात तो 25 मीटर पुढे गेलेला असतो. झोत 5 मीटरचा आणि चूक 25 मीटरची! म्हणून दिसतो त्याच्या 25 मीटर पुढे, रिकाम्या आकाशात, रोखावं लागतं. आणि गंमत अशी, की हवेची थरथर मोजली ती उपग्रहाकडून येणाऱ्या वाटेवर, झोत जातो तो किंचित वेगळ्या वाटेने, त्यामुळे आरशाची दुरुस्तीही पूर्ण लागू पडत नाही.

शेवटची अडचण साधी आहे, पण तीच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कॅमेऱ्याचा उपग्रह फोटो काढतो दिवसा. दिवसा आकाश निळं आणि उजळ असतं, त्यात तो ठिपका दुर्बिणीला सापडणंच मुश्कील. म्हणून आधी एका वेगळ्या लेसरने त्याला उजळवून, परत येणाऱ्या प्रकाशातली नेमकी तीच तरंगलांबी गाळून, त्याचा माग धरतात. यात एक फुकटचा फायदा मिळतो. रात्री मांजराचे डोळे चमकतात ते ती तुमच्याकडे पाहत असते तेव्हा. दुर्बीणही आपल्याकडे रोखलेली असेल तर सेन्सरवर पडलेला लेसर आल्या वाटेने परत चमकतो. कॅमेरा आपल्याकडे वळलेला आहे की नाही, हे जमिनीवरून असं कळू शकतं.

झाकलं जातं ते किती?

आता भूमितीकडे येऊ. लेसरने सेन्सर दिपला म्हणजे सगळा फोटो पांढरा झाला, अशी समजूत असते. तसं होत नाही.

टेहळणीची दुर्बीण म्हणजे लांब नळीतून पाहणं. वर्ल्डव्ह्यू-3 हा व्यापारी उपग्रह 617 किलोमीटरवरून 31 सेंटिमीटरचा तपशील दाखवतो, पण सरळ खाली पाहताना त्याला दिसणारा जमिनीचा पट्टा असतो फक्त 13 किलोमीटर रुंद. लेसर त्या पट्ट्यात असेल तरच तो थेट सेन्सरवर येतो. लेसर शंभर किलोमीटर दूर असेल तर त्याचा प्रकाश नळीच्या आतल्या काळ्या भिंतींवर आपटून विरतो. तिथून उसळून सेन्सरपर्यंत जो पोचतो, तो इतका क्षीण की त्याने दिपवायचं तर पुन्हा मेगावॅट लागतात. एका लेसरने हजारो चौरस किलोमीटर झाकण्याचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं. त्या प्रदेशावरून जाणाऱ्या उपग्रहापर्यंत लेसर पोचणं ही एक गोष्ट आणि उपग्रह जे पाहतोय ते लपणं ही दुसरी.

पट्ट्याच्या आतही डाग किती मोठा? तेजस्वी बिंदूभोवती प्रकाशाचं वलय पसरतं, पण केंद्रापासूनच्या अंतराच्या घनाने ते विरळ होत जातं. त्यामुळे डागाची त्रिज्या दहापट करायची तर ताकद हजारपट करावी लागते. वरच्या 10 वॅटच्या उदाहरणात निव्वळ या वलयाने जमिनीवर जेमतेम 50 मीटर त्रिज्येचा भाग बुडतो. 10 किलोवॅटला अर्धा किलोमीटर. आरशावरची धूळ आणि एका पिक्सेलमधला भार शेजारच्यात ओसंडणं यामुळे प्रत्यक्षात डाग वाढतो, तरी 13 किलोमीटरच्या पट्ट्यात तो डागच राहतो.

शिवाय असे कॅमेरे साध्या कॅमेऱ्यासारखा एकदम फोटो काढत नाहीत. ते फोटोकॉपी मशीनसारखे ओळीमागून ओळ टिपत जातात. अर्ध्या मीटरची एक ओळ म्हणजे सुमारे 70 मायक्रोसेकंद. प्रकाश कमी पडू नये म्हणून तीच ओळ 64 वेळा टिपून बेरीज करतात असं धरलं, तरी जमिनीवरचा एखादा बिंदू सेन्सरच्या पट्टीवर राहतो साडेचार मिलिसेकंद. लेसर खाली तीन मिनिटं जळत असो, पट्टीच्या दृष्टीने त्याची वेळ एवढीच. सेन्सर वितळला तरी बहुधा एखादी उभी रांग जाते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत एक बारीक काळी रेघ येते. उपग्रह त्या रेघेसह कामाला लागतो.

"मग कॅमेऱ्याला गॉगल लावा की!"

एक तरंगलांबी अडवणारी गाळणी बसवता येते आणि तिने तो एक लेसर निष्प्रभ होतो. पण लेसरवाला रंग बदलू शकतो, आणि रंगागणिक गाळणी वाढवत गेलं तर कामाचा प्रकाशही जातो. झटकन मिटणारी झडप लावली तर सेन्सर वाचतो, पण फोटो निघतच नाही, म्हणजे समोरच्याला जे हवं होतं ते तुम्हीच करून दिलंत. शिवाय नॅनोसेकंदाच्या स्पंदापुढे कुठलीही झडप उशिराच मिटते.

सगळ्यात भक्कम उत्तर कॅमेऱ्यातलं नाहीच. दुसऱ्या कोनातून, दुसऱ्या वेळी, दुसरा उपग्रह पाठवायचा. प्लॅनेट या कंपनीचे छोटे उपग्रह मिळून जवळपास सगळी जमीन रोज टिपतात. एक लेसर एका वेळी एकाच उपग्रहाच्या मागे फिरू शकतो. त्या उपग्रहाचा फेरा डोक्यावरून असला तरी तो 30 अंशांच्या वर राहतो साडेतीन मिनिटं. रडार उपग्रहांना तर लेसर दिसतच नाही. ते रेडिओ लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकतात, रात्री आणि ढगांतूनही.

ढगांबद्दलही लोक विचारतात. ढग लेसर अडवतात हे खरं. पण तेच ढग कॅमेराही अडवतात, त्यामुळे दोघांची सुट्टी एकाच दिवशी असते.

केलं कुणी, हे कळतं का?

डाग फोटोत उमटतो आणि त्याचा मध्य म्हणजे लेसर जिथे आहे ती जागा, काही मीटरच्या फरकाने. दिपवणाऱ्याला आपला पत्ता लपवता येत नाही. 2006 मध्ये चीनने अमेरिकी उपग्रहावर लेसर टाकल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रह संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डोनाल्ड केर यांनी प्रकाश पडल्याचं मान्य केलं, पण उपग्रहाचं काही बिघडलं नाही असंही सांगितलं.

मात्र उजेड दिसला म्हणजे हल्ला झाला, असंही नसतं. 1975 च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-सूचक उपग्रहांचे अवरक्त सेन्सर सोव्हिएत भूमीकडे पाहताना भगभगू लागले. लेसरचा संशय आला. चौकशीअंती अमेरिकी संरक्षण खात्याने सांगितलं, की तो उजेड वायुवाहिन्यांना लागलेल्या आगींचा होता. उपग्रहांवर लेसर मारणं हे रोजचं, निरुपद्रवी कामही आहे: जगभरातली मापन केंद्रं उपग्रहाचं अंतर मिलिमीटरांत मोजायला लेसरचे स्पंद सोडतच असतात. त्यातही काळजी घ्यावी लागते. आइससॅट-2 उपग्रहाचा नाजूक संवेदक दुखावू नये म्हणून तो 70 अंशांच्या वर गेल्यावर त्याच्यावर लेसर सोडायचा नाही, असा नियमच आहे.

कायदा याबाबत फारसं बोलत नाही. 1967 चा अंतराळ करार दुसऱ्याच्या कामात घातक अडथळा येणार असेल तर आधी सल्लामसलत करा म्हणतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे नियम 3000 गिगाहर्ट्झला संपतात आणि दृश्य प्रकाश त्याच्या पुष्कळ वर आहे.

इतकं असूनही देश ते बांधतात कशाला?

एक कारण कचऱ्याचं. 2007 मध्ये चीनने आपला जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तेव्हा तीन हजारांहून जास्त तुकडे झाले. लेसरने दिपवलं तर एकही तुकडा होत नाही आणि "आम्ही काही मोडलं नाही" म्हणायची सोय राहते.

दुसरं कारण पेरेस्व्येत कुठे ठेवला आहे त्यावरून उमगतं. डिसेंबर 2019 मध्ये रशियाचे सैन्यप्रमुख व्हालेरी गेरासिमोव यांनी सांगितलं, की तो फिरत्या क्षेपणास्त्रांच्या पाच तुकड्यांना दिला आहे, त्यांच्या हालचाली झाकण्यासाठी. शहर, बंदर किंवा कारखाना लेसरने लपत नाही. तो उद्याही तिथेच असतो आणि उद्याचा फोटो स्वच्छ येतो. पण क्षेपणास्त्राचा ट्रक गॅरेजमधून निघून डावीकडे वळला की उजवीकडे, हे दोन-चार मिनिटांचंच गुपित असतं आणि त्याला काही शे मीटरचा डाग पुरतो. लेसरही ट्रकवरच असतो, तो सोबत निघतो. फक्त तो पेटवला, की या भागातून आत्ता काहीतरी निघालंय एवढं वरच्याला कळून चुकतं.